जाहिरातीचं शेपूट

शुक्रवारी सकाळी गार्गी कानवडेने कॉम्प्युटर उघडला आणि तिच्या भावाची जाहिरात जागेवर नव्हती.

'धांडोळा' या शोधयंत्रावर 'सावळघळ ट्रेक' एवढंच टाकलं की गेले दोन हंगाम सगळ्यांत वर 'कडेकपारी'चं नाव यायचं. 'कडेकपारी' म्हणजे तिचा भाऊ संग्राम आणि वहिनी तनुजा यांची सहलींची कंपनी. आज त्या जागी ठाण्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टची जाहिरात होती. सावळघळीशी त्या रिसॉर्टचा काडीचा संबंध नव्हता. गार्गीने दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. 'कडेकपारी' कुठेच नाही.

तेवढ्यात संग्रामचा फोन आलाच.

"गार्गे, सकाळपासून एक चौकशी नाही. फोन मेल्यासारखा पडलाय. काय केलंस तू?"

"मी काही केलं नाही, दादा. आत्ताच बघतेय."

"बघतेय नको, नीट कर. पुढचा शनिवार अजून रिकामा आहे. मार्च संपला की त्या घळीत कोण फिरकतं?"

गार्गी संगमनेरात राहायची आणि गावातल्या लहानमोठ्या धंद्यांच्या जाहिराती शोधयंत्रावर चालवायची. हे तिचं पोटापाण्याचं काम होतं आणि त्यात ती पटाईत होती. पण असं काही तिने पाहिलं नव्हतं. 'कडेकपारी'चा समाधानांक काल रात्रीपर्यंत हळूहळू घसरत होता, हे तिला दिसलं होतं. आज तो तळाला जाऊन बसला होता.

समाधानांक ही 'धांडोळा'ची तीन वर्षांपूर्वीची करामत. त्याआधी सगळं सोपं होतं. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर. लोकांनी तिच्यावर बोट ठेवलं की काम फत्ते. पुढे त्यांचं काय झालं याची कुणाला फिकीर नसायची. टक्कल घालवणारी तेलं आणि घरबसल्या श्रीमंत करणारे क्लास यांनी पहिली पानं भरून जायची. हळूहळू लोकांचा शोधयंत्रावरचाच विश्वास उडाला. तेव्हा 'धांडोळा'तल्या लोकांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: माणूस शोधतो कशासाठी? त्याला काहीतरी हवं असतं म्हणून. ते मिळालं की त्याचं शोधणं थांबतं. फसवणूक झाली, किंवा मिळालेल्या गोष्टीतून नवीनच त्रास उपटला, तर तो पुन्हा शोधायला लागतो. तेव्हा जाहिरातीची खरी परीक्षा पुढच्या काही आठवड्यांत होते, त्या माणसाच्या पुढच्या शोधांमध्ये.

ही परीक्षा घ्यायला यंत्र दोन जमाव शेजारी शेजारी ठेवी. एकात जाहिरातीवरून गेलेली माणसं. दुसऱ्यात त्यांच्यासारखीच, त्याच गावांतली, त्याच वयाची, पण जाहिरातीकडे न गेलेली. नावं आणि नंबर पुसून टाकलेले. शिवाय आकड्यांत मुद्दाम थोडी कालवाकालव केलेली, म्हणजे कुणा एकाला हुडकून काढायची सोय नको. पहिला जमाव दुसऱ्यापेक्षा जे काही जास्त शोधी, ते त्या जाहिरातीच्या माथी लागे. धंद्यातले लोक त्याला जाहिरातीचं शेपूट म्हणायचे. शेपूट वाढलं की समाधानांक उतरे, आणि समाधानांक तळाला गेला की कितीही मोठी बोली लावा, जाहिरात वर येत नसे.

यात एकच सवलत होती. जो त्रास जाहिरातीने आधीच सांगितलेला असे, तो शेपटात धरला जात नसे.

ही सवलत गार्गीने सगळ्यांत आधी ओळखली. 'सावळघळ. दिवसभर उतार, मोठमोठे दगड. गुडघे दुखत असतील तर येऊ नका. वाटेत संडास नाही.' अशी जाहिरात तिने लिहिली तेव्हा संग्राम तिच्यावर खेकसला होता, "ही जाहिरात आहे की धमकी?" महिन्याभरात 'कडेकपारी'चे सगळे शनिवार-रविवार भरले. ज्यांचे गुडघे दुखत नव्हते ते विश्वासाने आले, आणि खूश होऊन गेले.

मग आता काय बिनसलं?

गार्गीने नेहमीचे उपाय सुरू केले. जाहिरातीमागचं पान फोनवर पटकन उघडतं का पाहिलं. उघडत होतं. फोटो जुने नव्हते, जेवणात काय मिळतं ते स्पष्ट होतं, पोचायचा रस्ता बरोबर होता. तिने मथळा बदलून पाहिला, शोधशब्द बदलून पाहिले. समाधानांक ढिम्म हलेना.

मग तिच्या मनात मोरेश्वर बांगर आला. बांगरांची 'रानवाट' ही सावळघळीत गट नेणारी दुसरी कंपनी. दोन्ही कंपन्यांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. खोटी गिऱ्हाइकं पाठवून कुणी समोरच्याचं शेपूट वाढवलं तर? तिने तडक फोन लावला.

"बांगरसाहेब, गार्गी कानवडे बोलतेय. स्पष्टच विचारते. आमच्या जाहिरातीशी काही खेळ केलात का?"

बांगर म्हणाले, "वा! मी आत्ता तुम्हालाच फोन लावून हेच विचारणार होतो. माझीही जाहिरात गेली की परवा."

"सगळ्याच गेल्या?"

"छे. धरणाकाठच्या तंबूंची जागेवर आहे. सावळघळीचीच तेवढी गेली."

गार्गीने फोन ठेवला आणि खुर्चीत ताठ बसली. दोन कंपन्या, दोन वेगळी पानं, वेगळे शब्द, आणि गचांडी एकाच जागेला. म्हणजे खोट जाहिरातीत नव्हती.

तिने शेपूट उघडलं. एरवी ती वरच्या दोनचार ओळी पाहून सोडून द्यायची. आज पूर्ण उलगडलं. 'डोळ्यात कचरा गेला.' 'डोळा लाल, पाणी येतंय.' 'मोबाईलची काच बदलणे.' 'कॅमेऱ्याच्या भिंगावर चरा.' 'डोक्याला टेंगूळ, बर्फ लावावा का.'

तिला हसूच आलं. याच लोकांनी 'कडेकपारी'ला पाचही तारे दिले होते, तनुजावहिनीच्या पिठलं-भाकरीचं कौतुक केलं होतं. डोळ्यात गेलेल्या कचऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एवढ्यातेवढ्यासाठी कोण तक्रार करतं? घरी जाऊन डोळे धुतले, काच बदलली, विसरून गेले. पण शोधताना ते शोधयंत्राला मात्र सांगून गेले होते.

उपाय तर समोरच होता. तिने जाहिरातीत दोन वाक्यं घातली: 'घळीत धूळ आणि बारीक खडे उडतात. गॉगल आणा, मोबाईल सांभाळा.'

यंत्राने नवा मजकूर शेपटाशी ताडून पाहिला, आणि समाधानांक चढायला लागला. शिडी चढल्यासारखा. गार्गी टाळ्या पिटायचीच बाकी होती. जेवायच्या आधी 'कडेकपारी' पुन्हा पहिल्या ओळीवर, आणि संध्याकाळी संग्रामचा फोन.

"पोरी, तू जादूगार आहेस! पुढचा शनिवार भरला. उद्याच्या गटातही दोघं वाढले. तनुजा म्हणते, हिला यंदा राखीला साडी नाही, स्कूटर द्या."

गार्गी त्या रात्री मजेत झोपली.

शनिवारी सकाळी गॅलरीत चहा पिताना तिने कौतुकाने ती जाहिरात पुन्हा वाचली. आणि तिचा कप हातातच राहिला.

घळीत धूळ आणि बारीक खडे उडतात. हे तिने लिहिलं होतं. पण खडे उडतात म्हणजे काय? ती स्वतः सावळघळीत कितीदा गेली होती. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, मधली वाट इतकी अरुंद की ऊनसुद्धा भर दुपारी तेवढं तळाला टेकतं. दर पावसाळ्यात त्या वाटेने पाण्याचा लोंढा धो धो वाहतो आणि तळ घासूनपुसून लख्ख करून जातो. तिथे धूळ नाही. वारा नाही. मग लोकांच्या डोळ्यांत जातंय ते काय?

तिने धावत आत जाऊन शेपूट पुन्हा उघडलं, आणि या वेळी आठवड्यांप्रमाणे वेगळं केलं. डिसेंबरात काही नव्हतं. जानेवारीत थोडंसं. फेब्रुवारी लागल्यापासून प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा उंच, आणि सरता आठवडा सगळ्यांत उंच. जाणारी माणसं तर तेवढीच होती.

आणि डोळेच का? दगडांतून उतरताना माणसाची नजर पायांकडे असते. डोक्यावर खडा पडला तर टेंगूळ येईल, पण डोळ्यात काही जायचं तर मान वर लागते. मोबाईलची काच फुटायची तर तोही आभाळाकडे धरलेला हवा. भिंगावर चरा यायचा तर कॅमेराही.

अख्ख्या घळीत माणसं मान वर करतात अशी एकच जागा होती. आकाशपट्टी. तिथे दोन्ही कातळ इतके जवळ येतात की वर आभाळाची निळी फीत तेवढी उरते. तनुजावहिनी प्रत्येक गटाला तिथल्या सपाट दगडावर आडवं झोपवायची आणि म्हणायची, "मोबाईल काढा. आता वर बघा." जेवणही तिथेच व्हायचं. भर दुपारी.

वरून दगड सुटत होता. रोज थोडा थोडा.

तिने भावाला फोन लावला. संग्राम घळीच्या खालच्या तोंडाशी तंबूत होता. तिथपर्यंत फोन लागायचा. आत अजिबात नाही.

"दादा, वहिनी कुठे आहे?"

"आत. सकाळीच वरून उतरली गट घेऊन. का?"

"त्यांना आकाशपट्टीला थांबू देऊ नकोस. आत्ता जा आणि सगळ्यांना बाहेर काढ. वरचा कातळ सुटतोय."

"कोण म्हणालं?"

गार्गीने भराभरा सांगितलं. डोळे, काचा, टेंगळं, आठवडे. संग्रामने ऐकून घेतलं आणि हसला.

"म्हणजे जाहिरातीचा आकडा बघून मी चालू ट्रेक थांबवू? नाशिकहून आलेली माणसं आहेत ती. अगं, काल तूच म्हणालीस ना, धूळ आहे, गॉगल आणा? ते सगळे गॉगल घालून गेलेत!"

"कालचं मी चुकीचं लिहिलं. मला आकडा वर न्यायचा होता, तेवढंच डोक्यात होतं."

"तुला नक्की माहितीये, दगड पडणार?"

"नाही."

"मग?"

"दादा, ती आता थोड्या वेळात त्यांना झोपवून वर बघायला सांगेल. तू जाऊन ये आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद.

तो गेला की रागाने फोन बंद केला, हे तिला कळेना. पण हातावर हात ठेवून बसायची तिची तयारी नव्हती. तिने बांगरांना फोन लावला. त्यांचा गट घळीच्या वरच्या तोंडाशी नुकताच पोचला होता.

"बाई, दगड पडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही पडला."

"मग मी माझ्या माणसांना काय सांगू? कॉम्प्युटरला भीती वाटतेय म्हणून?"

"तुमच्या जाहिरातीचं शेपूट उघडून बघा. डोळे आणि मोबाईल. बघा आणि तुम्हाला वाटेल ते करा."

आणखी एक काम राहिलं होतं. कंपन्यांशिवायही माणसं जायची. चार मित्र गाडी काढायचे, वाटेत फोनवर रस्ता शोधायचे आणि घळीत शिरायचे. त्यांना कोण अडवणार? गार्गीने 'कडेकपारी'ची जाहिरात उघडली, सगळा मजकूर पुसला आणि लिहिलं: 'सावळघळ आज बंद. आकाशपट्टीजवळ वरून दगड सुटत असल्याची शंका. आत जाऊ नका. आम्हीही जात नाही.'

भावाला न विचारता त्याच्या दुकानाचं शटर तिने खाली ओढलं होतं. बोट क्षणभर अडखळलं. मग तिने बटण दाबलं.

पुढे जे झालं ते पाहून तिच्या अंगावर शहारा आला. समाधानांक वर सरकला आणि सरकतच राहिला. तिने आजवर चालवलेल्या एकाही जाहिरातीला एवढा मिळाला नव्हता. यंत्राचा हिशोब सरळ होता: हे वाचून माणसाचं शोधणं थांबेल. काही मिनिटांत 'सावळघळ' हा शब्द कुणी कुठूनही टाकला तरी रिसॉर्टांच्या, तंबूंच्या, गाड्यांच्या सगळ्या जाहिरातींच्या डोक्यावर हीच येऊ लागली. काही विकत नसलेली, उलट जाऊ नका म्हणणारी जाहिरात.

गार्गीने गाडीची किल्ली उचलली.

ती तंबूवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. गट बाहेर आलेला होता. सगळे धडधाकट आणि सगळे वैतागलेले. संग्राम आकाशपट्टीपर्यंत शिट्टी फुंकत पळत गेला होता, जेवणाची पानं अर्ध्यावर उठवून त्याने सगळ्यांना हाकललं होतं, आणि त्यानंतर दिवसभरात घळीत एक ढेकूळसुद्धा पडलं नव्हतं.

"आली बघा ज्योतिषीण," संग्राम म्हणाला. त्याचा गुडघा फुटला होता. "आणि हे काय आहे?" त्याने फोन तिच्यासमोर धरला. सावळघळ आज बंद. "माझ्या धंद्याला कुलूप लावलंस तू? न विचारता?"

"तू आत होतास. विचारायला फोन कुठे लागत होता?"

"आता मी बाहेर आहे. काढ ती."

"आज नाही काढणार, दादा."

"ठीक आहे. मग उद्यापासून माझ्या जाहिराती दुसरं कुणीतरी बघेल."

गार्गीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. आकाशपट्टीवरून तनुजाला स्वतःच्या नवऱ्याने गिऱ्हाइकांसमोर ओरडून उठवलं होतं, आणि त्याबद्दल ती दोघा भावंडांवर सारखीच चिडलेली होती. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, बाकावर ठेवायला गेली आणि थांबली. हेल्मेट तिरकं धरून तिने माथ्यावर बोट फिरवलं.

"हे नवीन घेतलं ना आपण दिवाळीत?"

माथाभर बारीक बारीक टोचे पडले होते. कुणी दाभणाने टोचावं तसे. बाजू मात्र नव्यासारख्या गुळगुळीत होत्या.

संग्रामने हेल्मेट हातात घेतलं आणि वर घळीकडे पाहिलं.

"उद्याचा गट रद्द कर," तनुजा नवऱ्याला म्हणाली. "आणि तुझा तो ड्रोन लोकांचे फोटो काढायलाच कायम खाली फिरतो. उद्या त्याला वर पाठव."

रविवारी दुपारी चौघं पलीकडच्या कड्यावर, काठापासून चांगले मागे, एका हिरड्याच्या सावलीत बसले होते. चौथे बांगर. त्यांनीही आपला गट वरूनच परत नेला होता आणि आपलं शेपूट उघडून पाहिलं होतं. रात्रभर झोप लागली नाही म्हणाले.

संग्रामने ड्रोन घळीवर नेला आणि समोरच्या कातळाच्या कडेकडेने हळूहळू सरकवला. पडद्यावर काळा, शेवाळाने डागाळलेला दगड सरकत होता. आणि मग एका जागी दगडाचा रंग बदलला.

"थांब. मागे घे," गार्गी ओरडली.

आकाशपट्टीच्या बरोबर वर, वाड्याच्या दरवाजाएवढी एक कातळाची फळी मूळ भिंतीपासून सुटून उभी होती. मागे हात जाईल एवढी भेग. भेगेच्या कडा ताज्या, फिक्या राखाडी, आणि भेगेत खाली खाली अडकत गेलेले लहानमोठे दगड.

ते दगडच सगळ्याचं मूळ होतं. दिवसभर उन्हात कातळाची फळी तापते, फुगते आणि केसभर पुढे झुकते. तेवढ्यात भेगेतले खडे केसभर खाली घसरतात. रात्री थंडीत फळी आकसून मागे यायला बघते, पण आता खडे पाचरीसारखे आड आलेले असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा खडे खाली. दिवस तापलेले आणि रात्री गारठलेल्या, अशा दिवसांत हे सगळ्यांत जोरात चालतं. फळी कधीच मागे जात नाही, रोज पुढेच येते. आणि घासताना तिच्या कडांचा जो चुरा होतो, तो खाली पडतो. आभाळ बघत झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांत.

"हे बघ, इथे," तनुजा म्हणाली. पडद्यावर भेगेतून बारीक वाळूची धार सुटली होती. घड्याळातल्या वाळूसारखी, अगदी शांत. मग ती जाड झाली.

"ड्रोन मागे घ्या," बांगर कुजबुजले.

संग्रामच्या बोटांनी कळ दाबायच्या आतच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पडद्यावरची फळी वरच्या टोकाकडून भिंतीपासून दूर झाली, क्षणभर तशीच उभी राहिल्यासारखी वाटली आणि मग पडदा काळा झाला. पायाखालचा कडा थरथरला. झाडावरचे पक्षी एकदम उठले. घळीतून गडगडाट वर आला, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत आपटत खालच्या तोंडाकडे गेला, आणि त्याच्यामागून धुळीचा लोट आभाळाच्या त्या निळ्या फटीतून बाहेर फुटला.

चौघंही उठून मागे सरकले.

"काल या वेळेला," तनुजा म्हणाली, "मी त्यांना तिथे ओळीने झोपवलं होतं."

संग्राम बहिणीकडे वळला. त्याने तिचं डोकं धरून आपल्या खांद्यावर दाबलं, इतकं जोरात की तिचा चष्मा वाकडा झाला.

भीतीपेक्षा मोठं काहीतरी गार्गीच्या छातीत उसळत होतं. शेकडो माणसं त्या दगडाखालून गेली होती. एकानेही वर काय चाललंय ते ओळखलं नव्हतं, एकानेही तक्रार केली नव्हती. आणि तरी सगळ्यांनी मिळून ते सांगून ठेवलं होतं. फक्त तो आवाज कुणी एका ठिकाणी बसून ऐकायला हवा होता. गिऱ्हाइकाला गप्प करायचा आकडा म्हणून ती इतकी वर्षं शेपटाकडे बघत आली होती.

सोमवारी सकाळी तिच्या ऑफिसात फोन थांबेनात. बातमी सगळीकडे गेली होती. पेपरवाले, कुठली कुठली ट्रेकिंग मंडळं, आपल्याही जाहिरातीचं शेपूट बघून द्या म्हणणारे दुकानदार. अकराच्या सुमारास संग्राम मिसळ बांधून घेऊन आला आणि समोर बसला. मग म्हणाला, "सावळघळीची ओळ मी बदललीय. 'आज बंद' होतं, त्यातलं 'आज' काढून टाकलं. चालेल ना?"

"चालेल. समाधानांक आणखी वाढेल."

"वाढू दे. जायचं कुणालाच नाही." तो हसला. "तू काय करतेयस?"

"माझ्याकडच्या सगळ्या जाहिरातींची शेपटं उघडतेय. एकेक करून. आजवर वरच्या दोन ओळींखाली मी कधी गेलेच नव्हते."

बेकरीचं शेपूट निर्मळ होतं. शिकवणीच्या क्लासचं लांबलचक, पण त्यात नुसते कंटाळलेले पालक. साड्यांच्या दुकानाचं, रंग जाण्याबद्दल. मग तिने लोळगेकाकांच्या गॅस गिझरच्या दुकानाची जाहिरात उघडली. समाधानांक उत्तम होता. शेपूट जेमतेम उगवलेलं, गेल्या आठवड्यातच मोजण्याइतकं झालेलं.

'आंघोळ करताना चक्कर.' 'सकाळी डोकं जड.' 'मुलाला आंघोळीनंतर मळमळ.'

संग्रामने तिच्या खांद्यावरून वाचलं. "गरम पाण्याने होतं असं कधी कधी."

"दादा, लोकांनी गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेत. थंडी म्हणून खिडकी लावून घेतात. कोंडलेल्या हवेत गॅस जळला की विषारी वायू होतो. त्याला ना वास, ना रंग."

तिने फोन आधीच उचलला होता.

"काका, गार्गी. या थंडीत ज्यांना ज्यांना गिझर दिलेत त्यांचे नंबर मला पाठवा. आत्ता, लगेच."

"का गं? परत करतायत का कुणी?" लोळगेकाका घाबरले.

"नाही, काका. अजून एकानेही तक्रार केलेली नाही. म्हणूनच घाई आहे."

नंबर आले. भरपूर होते. संग्रामने मिसळ बाजूला सारली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. खात्री आहे का, पुरावा काय, हे त्याने विचारलंच नाही.

"निम्मे मला दे," तो म्हणाला आणि पहिला नंबर लावला. "नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. आधी न्हाणीघराची खिडकी उघडा. मी थांबतो. उघडलीत? हं, आता सांगतो."